अप्पांची पुडी

"जमलं का गं?" अप्पांनी दारातून विचारलं.

कावेरीनं चमच्यातला रस्सा फुंकला, जिभेवर घेतला, क्षणभर तोंडात धरला आणि मान हलवली. "नाही. धने जास्त झालेत."

"मघाशी खोबरं जास्त म्हणलीस."

"मघाशी खोबरंच जास्त होतं."

अप्पा उंबऱ्यावरच थांबले. कपाळावरची विभूती घामानं एका बाजूला ओघळली होती. आणखी काही विचारणार, तेवढ्यात पुढे दुकानात गिऱ्हाइकानं काउंटरवर नाणं वाजवलं. वळता वळता ते म्हणाले, "चार वाजता शहादेव एजंट येणार हाय. छबुबाई बी ड्युटीला जाताना पाकिटं नेईल. तवर होईल का?"

"बघते."

ओट्यावर तीन पातेली ओळीनं गार होत होती. तिन्हींत तेच नूडल्स, पाच रुपयांच्या पिवळ्या पाकिटातले. सकाळपासून कावेरीच्या पोटात दुसरं काही गेलं नव्हतं. प्रत्येक पातेल्यासमोर कागदाचा एक तुकडा होता आणि त्यावर तिच्या बारीक, सरळ अक्षरात मापं लिहिली होती. लातूरच्या कॉलेजात ती ग्रंथपाल होती; मुलगी तिकडंच होती. कागदावर लिहिल्याशिवाय तिला काही सुचत नसे. अव्वानं, तिच्या आईनं, आयुष्यात एकही माप लिहून ठेवलं नव्हतं.

अव्वा जाऊन पाच आठवडे झाले होते. कावेरीनं रजा वाढवताना अर्जात 'वडिलांची प्रकृती' असं कारण लिहिलं होतं. पण तिला अंबाजोगाईत थांबवलं होतं ते येसरच्या डब्यानं. गहू, ज्वारी, हरभऱ्याची डाळ आणि तांदूळ वेगवेगळे भाजायचे, त्यांत धने, मेथी, खोबरं, लवंग, दगडफूल आणि लाल मिरची घालून दळायचं; ते येसर. लग्नाच्या पंगतीत त्याची आमटी होते. अव्वा मात्र ते वर्षभर करायची, नूडल्ससाठी. गेल्या सोमवारी डब्याचा तळ लागला आणि अप्पांनी तो रिकामा डबा कावेरीसमोर आणून ठेवला.

दुकान अप्पांच्या नावानं ओळखलं जाई. महारुद्रअप्पांचं दुकान म्हटलं की रिक्षावाला पुढचं विचारत नसे. चाखल्याशिवाय अप्पा काही विकत नाहीत, ही त्या दुकानाची ख्याती. लोणचं, पापड, तेल, बिस्किटं, काहीही नवं आलं की आधी ते घरात खाल्लं जाई आणि पसंत पडलं तरच फळीवर चढे. एजंट लोक अप्पांच्या जिभेला वचकून असत. "शेंगा जुन्या हायती ह्या तेलात, परत न्या," असं अप्पा म्हणाले की हुज्जत घालण्यात अर्थ नसे, कारण शेंगा खरोखरच जुन्या निघत.

कावेरी लहान होती तेव्हा अप्पा एजंटासमोर, गल्ल्यावर बसूनच चाखत. डोळे मिटून, मान जरा तिरकी करून. ती अकरावीला लातूरच्या होस्टेलवर गेली आणि मधेच कधीतरी ही पद्धत बदलली. सुट्टीत ती घरी आली तेव्हा अप्पा नमुना घेऊन आत येऊ लागले होते. अव्वा चाखायची, चारपाच शब्दांत सांगायची. "वास धरलाय." "हिंग खोटा." "बरंय, पण उन्हाळ्यात टिकायचं न्हाई." अप्पा ते शब्द घेऊन बाहेर जात आणि तोंड पुसत एजंटाला सांगत, जणू त्यांनीच खाल्लंय. जेवताना ते ताटात चारचार हिरव्या मिरच्या घेत आणि बाहेर जीभ बायकोची वापरत. धंदा वाढला, माणूस सुस्तावला, असं कावेरीनं तेव्हाच मनाशी ठरवून टाकलं होतं.

पिवळं पाकीट आठ वर्षांपूर्वी आलं. अव्वानं पहिला घास तोंडात घेतला आणि म्हणाली, "रबर हाय. अन् मसाला म्हंजी निस्तं मीठ." ते परतच जायचं, पण सरकारी दवाखान्यात आया असलेली छबुबाई तेव्हा मागच्या दारात बसली होती. ती म्हणाली, "आक्का, पेशंटापाशी बसलेल्या बायांकडं एक स्टो अस्तो अन् एक पातेलं. धारूरहून, केजहून आलेल्या अस्त्यात. पाच रुपयात दुसरं काय मिळतं त्यांला?"

अव्वानं पाकीट परत पाठवलं नाही. अकरा दिवस रोज तेच शिजवलं, चाखलं, ओतून दिलं, पुन्हा शिजवलं. शेवटी तिला सापडलं. नूडल्सची वडी आधी कोरडीच भाजायची, कडा लालसर होईतो; त्यानं जुन्या तेलाचा वास मरतो. पहिलं पाणी ओतून द्यायचं. पाकिटातला मसाला अर्धाच घ्यायचा. चमचाभर येसर गार पाण्यात कालवून मगच घालायचं, नाहीतर गोळ्या होतात. लिंबू गॅस बंद केल्यावर. पेशंटजवळ बसलेल्या बाईकडे येसर कुठून असणार, म्हणून अव्वा रद्दीच्या कागदात चमचाचमचा बांधून त्याच्या पुड्या करू लागली आणि रबर लावून एकेका पाकिटाला अडकवू लागली. पुडी फुकट.

लोक तिला अप्पांची पुडी म्हणू लागले. मेडिकलच्या होस्टेलवरच्या मुलांनी फोनवर व्हिडिओ काढला. त्यात अप्पा काउंटरमागं ताठ उभे राहून सांगतात, "अकरा दिवस मी हेच खात हुतो." अव्वानं तो व्हिडिओ कावेरीला दाखवला होता. "किती ठासून बोलत्यात बघ."

"अकरा दिवस कोण खात होतं, अव्वा?"

"कुणी का खाईना. लोकांच्या पोटात नीट जातंय ना?"

व्हिडिओ अजून फोनवर होता. त्यात अव्वा कुठंच नव्हती. मागच्या पडद्याआडून एक हात येतो आणि पुड्यांचं ताट काउंटरवर ठेवतो, तेवढीच.

चौथं पातेलं जमलं.

कावेरीला ते जिभेवर ठेवताच कळलं. धने कमी, दगडफूल चिमटीनं जास्त, आणि मेथी अगदी हलकी भाजलेली, नुसती गरम झालेली. रस्सा घशाखाली गेल्यावर मागून एक किंचित धुरकट चव आली आणि ती स्वयंपाकघरात जिथं उभी होती तिथंच फरशीवर बसली. पातेलं मांडीवर घेऊन तिनं सगळं संपवलं. रडू आलं नाही. पाच आठवड्यांत पहिल्यांदा तिला भूक लागली होती, आणि ती भागली होती.

हे येसर मूठभरच होतं, अंदाज घेण्यापुरतं. उरलेलं तिनं वाटीत काढून झाकलं. मग मोठ्या घाण्यासाठी कढई चढवली, धने आणि मेथी टाकली, गॅस बारीक केला आणि अप्पांना सांगायला दुकानात आली.

अप्पा फोन डोळ्यांपासून लांब धरून काहीतरी बघत होते. तिला पाहून त्यांनी फोन पुढे केला. "बघ. शहादेवनं धाडलंय. केज, परळी, सगळीकडं ठेवतो म्हणतोय पुड्या."

पडद्यावर छापील पाकिटाचं चित्र होतं. लालपिवळं. मधे लंबगोलात अप्पांचा फोटो, पांढरी टोपी, कपाळावर विभूती. वर मोठ्या अक्षरांत 'महारुद्रअप्पांची पुडी'. खाली लहान अक्षरांत 'चाळीस वर्षांच्या जिभेची खात्री'.

कावेरीनं ते दोनदा वाचलं. "अव्वाचं नाव कुठंय?"

"नाव कशाला?"

"पुडी तिची होती."

"दुकानाची हुती."

"येसर कुणी केलं, अप्पा? अकरा दिवस कुणी चाखलं? तुम्ही?"

अप्पांनी रस्त्याकडं बघितलं. समोरच्या कपड्याच्या दुकानात पोऱ्या शटरला पाणी मारत होता. "हळू बोल."

"एक ओळ टाका. खाली बारीक अक्षरात चालेल. मल्लम्माच्या हातचं. एवढंच."

"न्हाई टाकता यायचं."

"कावून?" एरवी ती असं बोलत नसे. रागावली की अव्वाची भाषा तोंडात यायची.

"एकाचं सांगितलं की लोक दुसऱ्याचं इचारत्यात. तेल कुणी बघितलं, डाळ कुणी बघितली."

"मग सांगा ना."

अप्पांनी फोन सदऱ्याच्या खिशात ठेवला. खिशाचं बटन लावायला त्यांना वेळ लागला. "ती गेली आता," ते म्हणाले. "नावाचा तिला काय उपेग?"

कावेरी आत जायला वळली. अव्वाच्या समाधीला माती देताना हा माणूस शब्दही न बोलता उभा होता. लोक म्हणाले होते, अप्पा आतून मोडले. एजंटांनी ठेवलेले नमुने महिनाभर ट्रेमध्ये न फोडता पडून होते आणि कुणी विचारलं तर ते म्हणत, "घरात दुःख हाय, जाऊ द्या काही दिवस." तिलाही ते दुःखच वाटलं होतं. आता वाटलं, चाखणारी गेली, म्हणून काम अडलंय. एवढंच.

आत धूर झाला होता. धने काळपट आणि मेथी तर पार कोळसा. तिनं खिडकी उघडली, गॅस बंद केला, कढई उचलून मोरीकडं निघाली, आणि अप्पा पुन्हा दारात आले.

"अगं, तीन वाजून गेले. दळून घे की."

तिनं त्यांच्याकडं बघितलं. धूर अजून छताला होता. कढईतून उग्र वास येत होता आणि अप्पा शांतपणे म्हणत होते, दळून घे. तिनं कढई खाली ठेवली. आधीच भाजून ठेवलेले बाकीचे जिन्नस घातले, मिक्सर फिरवला, एक पाकीट शिजवलं, त्यात चमचाभर येसर कालवून घातलं आणि वाटी त्यांच्या हातात दिली.

"बघा," ती म्हणाली.

तिला वाटलं होतं, पहिल्याच घासाला ते थुंकतील. मग ती म्हणणार होती की तुम्ही मला उभं करून भांडत होता तेव्हा हे जळलं. वाक्य तयार होतं.

अप्पांनी घास घेतला. तिच्या चेहऱ्याकडं क्षणभर बघितलं. मग डोळे मिटले, मान तिरकी केली, पूर्वी गल्ल्यावर करत तशी. "हेच ते," ते म्हणाले. "तिच्याच हातचं."

तयार वाक्य तिनं गिळलं. चाळीस वर्षं जिच्या हातचं खाल्लं, तिच्या हातची चव आणि कोळसा यात ह्या माणसाला फरक कळत नाही. कधी लक्ष देऊन खाल्लंच नसणार. ती ओट्याशी वळली, रद्दी फाडली आणि चाळीस पुड्या बांधल्या. एकेका पाकिटाला रबर लावलं. वाटीतलं झाकलेलं येसर हाताच्या अंतरावर होतं. तिनं तिकडं बघितलं नाही.

शहादेव बरोबर चारला आला. चाळिशीचा, गोल पोटाचा, खिशाला दोन पेनं लावलेला माणूस. मोटारसायकल स्टँडवर चढवता चढवताच बोलायला लागला. "काय कावेरीताई, लातूरला बुकं वाचून चष्म्याचा नंबर वाढला का न्हाई?"

"त्याचा नको, तुज्या पँटीचा नंबर सांग," पिशवी घेऊन आलेली छबुबाई पायरीवर टेकत म्हणाली. तिची निळ्या काठाची पांढरी साडी ड्युटीची होती. "दोन महिन्याखाली बटन लागत हुतं."

"मावशी, तुमच्या नजरेपासून काय सुटत न्हाई."

"तीस वर्सं सलायनीवर नजर ठेवलीय बाबा."

अप्पा खुशीत होते. पाच आठवड्यांत कावेरीनं त्यांना असं बघितलं नव्हतं. "आधी खा, मग बोलू," ते म्हणाले. "कावेरी, आण गं."

तिनं तीन वाट्या आणल्या. एक शहादेवला दिली, एक छबुबाईला, एक अप्पांना. आणि पडद्याजवळ उभी राहिली.

अप्पांनी सगळ्यांच्या आधी सुरुवात केली. पहिला घास, दुसरा, मग वाटी तोंडाला लावून रस्सा. "सोड ते फोटो अन् नाव," ते ओठ पुसत म्हणाले. "माल बघ. खरं सांगू का? तिच्यापरीस वरचढ झालंय. असं तिला बी कधी साधलं न्हाई."

शहादेवचा पहिला घास अजून तोंडातच होता. त्याचा जबडा हलायचा थांबला होता. त्यानं तो कसाबसा गिळला, अप्पांकडं बघितलं, त्यांच्या रिकाम्या वाटीकडं बघितलं.

"अप्पा," तो हळू म्हणाला, "तुमी चाखलं हुतं ना हे?"

"सकाळधरनं तेच चाललंय. का?"

"कडूजहर हाय."

अप्पा हसले. "भाव पाडतो का बे?"

"न्हाई अप्पा. पोरांची शपथ. जिभंवर ठरना झालंय." त्यानं छबुबाईकडं वळून विचारलं, "मावशी, तुमीच सांगा."

छबुबाईनं घास घेतला होता. तिनं अप्पांकडं बघितलं, मग पडद्याजवळ उभ्या असलेल्या कावेरीकडं. मग मान खाली घातली आणि खायला लागली. न थांबता, वाटीत काही न उरेपर्यंत. रस्त्यावरून एक रिक्षा आवाज करत गेली. वाटी खाली ठेवून तिनं पदरानं तोंड पुसलं.

"मेथी जरा खाली लागली," ती म्हणाली. "पोरीचा हात नवा हाय. येवढं काय त्यात?"

"जरा?" शहादेव म्हणाला. "मावशी, अप्पांनी अख्खी वाटी खाल्ली. वर म्हणले, वरचढ हाय."

अप्पांचं हसू अजून तोंडावर होतं, पण आता ते कुठं ठेवावं हे त्यांना कळत नव्हतं. ते शहादेवकडं बघत, मग छबुबाईकडं, मग कावेरीकडं. त्यांचा हात उगाच टोपीकडं गेला. "पोरीनं केलतं," ते म्हणाले. "आई गेलेली पोर. तिचं मन मोडू नये म्हणून म्हणलं."

"हां," शहादेव म्हणाला. "तसं असंल."

पण त्याची नजर ट्रेमधल्या न फोडलेल्या नमुन्यांवर गेली होती. त्यांतले तीन त्याचेच होते. तो वाईट माणूस नव्हता. निघण्याआधी ते नमुने उचलून परत न्यावेत की राहू द्यावेत, याचा त्यानं थोडा विचार केला, आणि राहू दिले. "छापायचं जरा थांबू, अप्पा. घाई न्हाई कशाची."

गाडीचा आवाज वळणावर जाईपर्यंत अप्पा उभे होते. मग स्टुलावर बसले.

छबुबाई तिन्ही वाट्या उचलून आत आली. मोरीत ठेवल्या. नळ सोडला, चूळ भरली, परत भरली. मग वळली.

"तुला ठावं हुतं जळलंय म्हणून?"

"हो."

"मग?"

"मी सांगितलं नाही."

"कावून?"

कावेरी ओट्याला टेकून उभी होती. "मला बघायचं होतं."

"काय बघायचं हुतं गं तुला?"

छबुबाईनं आतल्या दाराचा पडदा ओढून घेतला. आवाज खाली आणला.

"तू अकरावीला हुतीस. माल उतरवताना तुजे अप्पा टेम्पोवरून खाली आले, डोकं दगडावर. नऊ दिवस आमच्याच वार्डात हुते. तुला म्हणले, किरकोळ लागलंय, परीक्षा हाय, येऊ नको. आठवतंय का?"

आठवत होतं. होस्टेलच्या फोनवर अव्वाचा आवाज. पडले जरा, चांगले हायत.

"घरी सोडायच्या दिवशी आक्कानं डबा आणलता. वरणभात. अप्पा म्हणले, मीठ इसरलीस. तिनं घातलं. परत म्हणले, न्हाईच की. परत घातलं. तिसऱ्या बारीला तिनं सोता घास घेतला, तर तोंडात धरवंना इतकं खारट. तवा कळलं. डाक्टर म्हणले, डोक्याला मार बसला की वासाची नस तुटती, कुणाकुणाची चव बी जाती. आली तर सा म्हैन्यात यील." छबुबाईनं ओल्या हातानं ओट्यावरचा कागदाचा कपटा बाजूला सारला. "न्हाई आली. तिखट तेवढं झोंबतं म्हणं. बाकी सगळं मातीच."

बाहेर गिऱ्हाईक आलं. अप्पांचा आवाज आला, साखर किती, असं विचारणारा, नेहमीसारखा.

"आक्कानं माजा हात धरला. म्हणली, छबू, ह्यांचं सगळं दुकान जिभंवर उभं हाय. कळलं तर एजंट कायबी आणून माथी मारतील. अन् लोक हासतील ते येगळंच. कुणाला सांगू नको. पोरीला बी न्हाई."

"मला का नाही?"

"तू होस्टेलवर मैत्रिणींला सांगत हुतीस म्हणं, आमच्या अप्पांची जीभ अशी, आमच्या अप्पांची जीभ तशी. एका पोरीची आई दुकानात येऊन सांगून गेल्ती. आक्का म्हणली, लेकराचं राहू दे तसंच."

कावेरीनं ओट्यावरचे चारही कागद गोळा केले. कडा जुळवल्या. एकावर एक ठेवले. आठ वर्षांपूर्वीचे ते अकरा दिवस, त्याआधीची चौदा वर्षं, आत येणारे नमुने, बाहेर जाणारे शब्द. सगळं तेच होतं, फक्त तिनं ज्या बाजूनं बघितलं होतं ती बाजू चुकली होती.

"तिनं बावीस वर्सं झाकलं," छबुबाई पिशवी उचलत म्हणाली, "तू एका दुपारी उघडं टाकलंस."

"तरी एक ओळ लिहिता आली असती त्यांना."

छबुबाई दारात थांबली. "आली असती," ती म्हणाली. "न्हाई लिहिली. तिनं मागितली न्हाई, अन् त्यांनी दिली न्हाई. भ्यालेलं माणूस हाय ते." आणि मागच्या दारानं ड्युटीला गेली. पाकिटं न घेता.

कावेरी दुकानात आली तेव्हा अप्पा पुड्या काढत होते. एकेक पाकीट घेऊन रबर ओढायचं, पुडी एका बाजूला, पाकीट दुसऱ्या बाजूला, रबर काचेच्या बरणीत. तीही समोर बसली आणि काढू लागली. अर्ध्याहून जास्त झाल्यावर त्यांनी विचारलं, "कडू हुतं?"

"हो."

"लई?"

"लई."

त्यांनी मान हलवली. हातातलं रबर बरणीत टाकलं. "ती काही सांगायच्या आधी मला तिच्या तोंडाकडं बघून कळायचं. घास घेतला अन् बिघडलं असलं की डावी भुवई वर जायची. तुजं तोंड तिच्यावरच गेलंय, म्हणून मघाशी तुज्याकडं बघितलं." ते थांबले. "तू गप हुतीस. मला वाटलं, जमलं."

"सांगायला हवं होतं मी."

"हां. सांगायचं हुतं."

त्यात राग नव्हता. राग असता तर तिला बरं वाटलं असतं. मग तीही म्हणाली असती की तुम्हीसुद्धा सांगायचं होतं, कुणाला नाही तर मला, कधी नाही तर समाधीपाशी. ते वाक्य खरं होतं आणि तसंच राहिलं.

"चौथं बरोबर आलं होतं, अप्पा. वाटीत आहे थोडं. मापं लिहून ठेवलीत. उद्या मोठा घाणा करून देते."

"नको."

"छबुबाईच्या दवाखान्यातल्या बायका विचारतील."

"इचारतील. बरोबर आलंय का न्हाई, हे सांगणारं कोण हाय हितं? तू काय जन्मभर ऱ्हाणार का?" त्यांनी शेवटचं पाकीट मोकळं केलं. "घिऊन जा लातूरला. तुज्या पोरीला करून घाल."

दुसऱ्या दिवशी कावेरी सकाळच्या बसनं निघणार होती. बॅग घेऊन ती आतल्या दारात आली तेव्हा दुकानात एक बाई उभी होती. खेड्यावरून आलेली, हातात तेलाची बाटली. शेंगदाण्याच्या तेलाचा नवा डबा काउंटरवर होता.

"चांगलं हाय का अप्पा हे?"

गेली बावीस वर्षं या प्रश्नाला एकच उत्तर होतं. मी बघितलंय, न्या बिनघोर. कावेरी त्या उत्तराची वाट बघत उभी राहिली.

अप्पांनी डब्याचं झाकण काढलं, पळीनं तेलाचे चार थेंब घेतले. "हात करा पुढं."

"कशाला?"

"तुमीच बघा वास घिऊन."

"तुमी बघितलंय की. तुमच्यापरीस मला काय कळतंय?"

"बघा तरी."

बाईनं संकोचून तळहात पुढे केला. अप्पांनी तेल सोडलं. तिनं हात नाकाशी नेला आणि डोळे मिटले. अप्पा हातात झाकण धरून उभे होते, थोडे पुढे वाकून, आणि तिच्या चेहऱ्याकडं बघत होते.